मारुती ८०० मधून दोन फूट कापायचे असतील तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वडिलांची १९९८ची मारुती ८००, चालू स्थितीत. पुण्यात पेठेत वाडा पाडून झालेल्या इमारतीत तुम्हाला मिळालेली पार्किंगची जागा पंपाच्या चौथऱ्यामुळे दहा फुटांचीच उरली आहे आणि गाडीचं तोंड बाहेर येतं. घरात दोघंच. मागच्या दारांखाली गंज लागलाय. मग ती दारं काढून, मधून दोन फूट कापून, गाडी दोन सीटची करायची असा बेत. गॅरेजवाला म्हणतो, ‘आठवड्यात देतो, पासिंगचंही मी बघतो.’ तुम्ही विचारताय की सांधा टिकेल का, गाडी सुरक्षित राहील का, आणि पुढेमागे इलेक्ट्रिक किट बसवता येईल का.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात आमचं पत्राकाम चालतं. मुख्यतः अपघाताच्या गाड्या सरळ करणं, अधूनमधून अशी हौसेची कामं. तेव्हा ‘छे, असं करूच नका’ एवढंच म्हणून मी मोकळा होणार नाही. काम होतं. ते कुठल्या जागेवर चालवण्यासाठी करायचं, यावर सगळं ठरतं. तुमच्या बाबतीत ते रस्त्यावर चालवण्यासाठी आहे, आणि अडचण तिथेच आहे.

आधी तुमचं माप बघू. मारुती ८०० ची लांबी ३,३३५ मिमी, म्हणजे जेमतेम अकरा फूट. जागा दहा फूट, म्हणजे ३,०४८. तुम्हाला कमी करायचा आहे एक फूट, हात फिरवायला थोडी जागा धरली तर सव्वा फूट. दोन फूट हा आकडा कुठून आला? मागचं दार पूर्ण जावं म्हणून आला असणार. दाराची रुंदी बघून माप ठरवणं ही या कामातली पहिली चूक. किती कापता येईल हे दार ठरवत नाही, गाडीच्या पोटाखालचे ब्रॅकेट ठरवतात. त्याकडे येतोच.

आता कागद. कारण पत्रा कापल्यावर कागद बघायचा हा उलटा क्रम मी फार बघितला आहे.

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. कंपनीने मुळात दिलेल्या तपशिलांशी आरसीवरचे तपशील जुळणार नाहीत असा बदल मालकाने गाडीत करायचा नाही, असा त्याचा अर्थ. व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर), सीटची संख्या, रिकाम्या गाडीचं वजन, बॉडीचा प्रकार हे सगळे नोंदणीतले तपशील. तुम्ही एका कापणीत हे चारही बदलताय. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळातल्या एका प्रकरणात हे आणखी स्पष्ट केलं. त्याआधी केरळ उच्च न्यायालयाने मालकांना जी मोकळीक दिली होती ती रद्द झाली, आणि मूळ ढाचा बदलणारा फेरफार चालणार नाही असं ठरलं. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन कलम १८२अ आलं. परवानगी नसलेल्या फेरफाराला मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक फेरफारामागे पाच हजार दंड, किंवा दोन्ही. सूट आहे ती इंधन बदलण्यासारख्या ठरावीक गोष्टींना आणि दिव्यांग व्यक्तीसाठी गाडी सोयीची करून घेण्याला, तीही नियमात राहून. ‘पार्किंग तोकडं आहे’ याला सूट नाही.

मग गॅरेजवाला पासिंगचं काय बघणार? फार तर ओळखीचा एजंट. तुमची गाडी १९९८ची, म्हणजे २०१३ला तिची पंधरा वर्षं भरली, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण. २०२८ला ती पुन्हा निरीक्षकासमोर उभी राहील आणि मागची दोन दारं गायब असतील. हे लपवता येणारं काम नव्हे. आणि नूतनीकरण सोडा, उद्या कुणाला धक्का लागला तर विमा कंपनी पहिल्यांदा गाडीचे फोटो आणि आरसी शेजारी शेजारी ठेवेल. समोरच्याला भरपाई तिने दिली तरी ती तुमच्याकडून वसूल करण्याचा दावा ती करू शकते. हा धोका गॅरेजवाल्याच्या बिलात नसतो.

‘मग एआरएआयकडून (गाड्या तपासणारी संस्था) पास करून घेता येईल का?’ असंही कुणी विचारतं, ती पुण्यातच असल्यामुळे. तिथे गाडीचा नमुना तपासून घेतात तो उत्पादक, मॉडेल बाजारात आणण्यासाठी. एकट्या मालकाने एक जुनी गाडी कापून त्या वाटेने जायचं म्हटलं तर खर्चात गाडीचं दुकान निघेल.

तर रस्त्यासाठी माझं उत्तर ‘नको’ असं आहे. पण तुम्ही दुसरा प्रश्नही विचारलाय, सांधा टिकेल का, आणि तो चांगला प्रश्न आहे. शेतावर, फार्महाउसच्या आवारात, दुकानापुढे शोसाठी, बंदिस्त मैदानावर चालवायला अशी कामं होतात, पुढेही होतील. ती नीट व्हावीत म्हणून जरा खोलात जातो. तुम्हाला यातून दुसरंही कळेल की रस्त्यासाठी ‘नको’ म्हणण्याचं कारण फक्त कायदा नाही.

लोकांना वाटतं, मधून कापलेली गाडी मधूनच मोडणार. नीट जोडली असेल तर तसं होत नाही. उलट आखूड झालेला सांगाडा मूळच्यापेक्षा ताठ होऊ शकतो. दोन चाकांमधलं अंतर घटलं, दाराची दोन मोठी भगदाडं पत्र्याने बंद झाली, सीटमागे आडवा पत्र्याचा पडदा आला. पिळाला विरोध करायला हे सगळं मदतच करतं. ‘नीट जोडली असेल तर’ एवढीच अट. अवघड भाग त्यानंतर सुरू होतो, कारण तयार होते ती वेगळीच गाडी. तिचा ब्रेक, स्टिअरिंग, स्प्रिंग मात्र जुन्याच गाडीसाठी बनवलेले असतात.

आकडे मांडतो म्हणजे कळेल. ८०० चा व्हीलबेस २,१७५ मिमी. रिकामी गाडी साधारण साडेसहाशे किलो, ड्रायव्हर धरून सातशे वीस. इंजिन पुढे, ते फिरवतं ती चाकंही पुढचीच, त्यामुळे उभ्या गाडीत मागच्या ॲक्सलवर ढोबळमानाने २७० किलो येतात. जोरात ब्रेक दाबला की वजन पुढे ढकललं जातं. किती, ते तीन गोष्टींवर ठरतं : गाडीचं वजन, गुरुत्वमध्याची उंची आणि व्हीलबेस. उंची अर्धा मीटर धरली, तर सणसणीत ब्रेकला सुमारे ११५ किलो पुढे जातात आणि मागे दीडशेच्या आसपास उरतात. आता ४०० मिमी कापा. मागची सीट, दारं, पत्रा गेल्यामुळे मागचं मूळ वजन २३५वर येतं, आणि आखूड गाडीत पुढे जाणारं वजन वाढून १३० होतं. उरले शंभर-एकशे पाच. सहाशे मिमी, म्हणजे तुमचे दोन फूट कापले तर ऐंशी-पंच्याऐंशी. ब्रेकचं पुढे-मागे वाटप मात्र कंपनीने पूर्ण लांबीच्या गाडीसाठी करून ठेवलेलं. परिणाम असा की मागची चाकं आधी जाम होतात. पुढची जाम झाली तर गाडी सरळ घसरते. मागची जाम झाली तर शेपटी पुढे यायला बघते. त्यात आखूड गाडी स्वतःभोवती फिरायला हलकी असल्यामुळे ती पटकन फिरते, ड्रायव्हरने स्टिअरिंग उलटं मारेपर्यंत काम झालेलं असतं. पहिल्या पावसात, तेलकट सिग्नलवर हे घडतं. कोरड्या रस्त्यावर हळू चालवून ‘मस्त चालते की’ म्हणणाऱ्यांनी हे बघितलेलं नसतं.

स्टिअरिंगचंही तसंच. ८०० ची वळण-त्रिज्या ४.४ मीटर. ४०० मिमी गेले की ती साडेतीनच्या जवळ येते. बोळात गंमत वाटते, कबूल. पण हायवेवर तेवढंच स्टिअरिंग फिरवलं तर गाडी पूर्वीपेक्षा जवळजवळ पाचव्या हिश्श्याने जास्त वळते. स्पीडब्रेकरवर पुढचं चाक उतरतंय तोवर मागचं चढतं, आणि गाडी मान डोलावत जाते.

हे माझं गॅरेजवाल्याचं रडगाणं समजू नका. मोठ्या कंपन्यांनाही हे चुकलेलं नाही. ऑडीने रॅलीसाठी क्वाट्रो गाडी ३२० मिमीने आखूड केली, स्पोर्ट क्वाट्रो म्हणून. व्हीलबेस २,५२४ वरून २,२०४. वळणाला चपळ व्हावी म्हणून केलेली ती गाडी हातात धरायला अवघड म्हणूनच ओळखली गेली, आणि चालवणारे होते जागतिक दर्जाचे रॅली ड्रायव्हर. स्मार्ट ही अडीच मीटरची दोन सीटची गाडी घ्या. व्हीलबेस १,८१२. ती मुळातच आखूड म्हणून कोऱ्या कागदावर आखलेली, तरी स्थिरतेत सुधारणा करण्यासाठी १९९८मध्ये तिचं बाजारात येणं काही महिने पुढे ढकलावं लागलं. तुमचे दोन फूट कापले तर ८०० चा व्हीलबेस १,५७५ होतो. स्मार्टपेक्षा वीतभर कमी, आणि हाताशी ना स्थिरता सांभाळणारं इलेक्ट्रॉनिक्स, ना ब्रेकमध्ये चाकं जाम होऊ न देणारं एबीएस.

ब्रिटनमध्ये जुन्या मिनी गाड्या अशा आखूड करण्याची हौस जुनी आहे. त्यांचे फोटो बघून अनेकांना सुरसुरी येते. पण मिनीचं मागचं सस्पेन्शन एका वेगळ्या लोखंडी चौकटीवर असतं आणि ती चौकट बॉडीला बोल्टने बसते. ती सोडवली, पत्रा आखूड केला, पुन्हा बसवली. आपल्या ८०० ला मागे सरळ ॲक्सल, तो पुढच्या अंगाने दोन ट्रेलिंग आर्मला, म्हणजे लांब दांड्यांना, धरलेला, आणि त्या आर्मचे ब्रॅकेट थेट फ्लोअरच्या पत्र्याला. म्हणजे कापायची रेघ त्या ब्रॅकेटच्या पुढेच पडायला हवी, ब्रॅकेटभोवतीचा जाड पत्रा शाबूत ठेवून. पुढच्या बाजूला मर्यादा मधल्या खांबाची, ज्याला बी-पिलर म्हणतात. त्याच्यावर पुढच्या सीटचा बेल्ट आणि दाराचं कुलूप. त्याला आणि त्याच्या पुढच्या कशालाही हात लावायचा नाही. खांब आणि ब्रॅकेट यांच्यामध्ये जो पट्टा उरतो तेवढंच तुमचं रान. म्हणून म्हटलं, माप दारावरून ठरत नाही. गाडी उचलून, टेप लावून बघा. मी स्वतः ४०० मिमीच्या पलीकडे जाणार नाही. आणि गंमत म्हणजे ४०० कापले की गाडी २,९३५ची होते, दहा फुटांत आरामात बसते. तुमच्या जागेलाही दोन फुटांची गरज नव्हतीच.

आता काम कसं होतं. एक गोष्ट आधी : गाडीत गॅसचं किट असेल तर सिलिंडर अधिकृत माणसाकडून उतरवून घ्या, आणि पेट्रोलची टाकी काढून शेडबाहेर न्या. रिकामी केलेली टाकी भरलेलीपेक्षा जास्त धोकादायक, कारण आत वाफ असते. ‘थोडंच वेल्डिंग आहे, ओलं पोतं टाकतो’ म्हणणाऱ्याकडून काम करून घेऊ नका. बॅटरीही सोडवून ठेवायची.

मग गाडी सपाट फरशीवर चार घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) ठेवायची. पाण्याची लेव्हल लावून चारही कोपरे एका उंचीला आणायचे. पुढच्या आणि मागच्या सस्पेन्शनच्या बोल्टांच्या जागांवरून ओळंबा सोडायचा, टोक जिथे टेकेल तिथे फरशीवर खडूने खूण, आणि त्या खुणांमधले दोन्ही कर्ण मोजायचे. १९९८ची गाडी, कधीतरी कुठेतरी ठोकलेली असतेच. कापण्याआधीच कर्णात फरक असेल तर तो लिहून ठेवा, नाहीतर नंतर स्वतःच्या वेल्डिंगला दोष देत बसाल. जोडून झाल्यावर कर्ण तीन मिमीच्या आत जुळायला हवेत. नाही जुळले तर मागचा ॲक्सल तिरका बसतो, गाडी रस्त्यावर खेकड्यासारखी चालते आणि टायर महिन्याभरात दाढी केल्यासारखे एका बाजूने झिजतात.

कापण्याआधी आतून आधार. मोनोकॉक गाडीत चॅसी वेगळी नसते, पत्राच सगळा भार घेतो. तो मधून कापला की दोन्ही अर्धे जिथे वाटेल तिथे पसरतात. आमची पद्धत अशी : ३२ मिमीचा, तीन मिमी जाडीचा चौकोनी पाइप घेतला तर आतली पोकळी २६ मिमी येते. त्यात २५चा चौकोनी पाइप सरकतो. आतल्या शिवणीचा उंचवटा कानसून काढावा लागतो, तेवढंच. मोठा पाइप पुढच्या अर्ध्याला, छोटा मागच्या अर्ध्याला, असे चार जोड : दोन खाली, दोन खिडकीच्या उंचीवर. शिवाय दोन खांबांमध्ये आडवे आणि तिरके दांडे. आता कापून मधला पट्टा काढला की मागचा अर्धा पाइपांवरून सरळ रेषेत पुढे सरकतो, वर-खाली होत नाही, तिरका होत नाही. हा सांगाडा करायलाच कापण्याहून जास्त वेळ लागतो. जो गॅरेजवाला हे न करता पहिल्या दिवशी ग्राइंडर लावेल, त्याचं आठवड्याचं वेळापत्रक कुठून आलं ते कळेल.

सगळं एका रेषेत कापायचं नाही. छत, फ्लोअर, सिल (दाराखालची पेटी) या तिन्हींमधून तेवढीच लांबी काढायची, पण सांधे एकमेकांपासून चार ते सहा इंच पुढेमागे यायला हवेत. एका रेषेत आले तर तीच मोडायची रेघ होते. पत्र्यावर पत्रा चढवायला २० मिमी ठेवायचे. म्हणजे ४०० कमी करायचे असतील तर छताचे ३८०च कापायचे आणि एक कड क्रिंप करून, म्हणजे दाबून पायरी पाडून, खाली घ्यायची. सिलला मात्र चढ नको. तिथे टोकाला टोक, आणि आत दीड मिमी जाड पत्र्याची बाही, सांध्याच्या दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच गेलेली. बाहेरून आठ मिमीची भोकं पाडून तिथून ती बाहीला वेल्ड करायची. वर शिवण. गाडीचा खरा भार इथून जातो, त्यामुळे इथे हात आखडता घेऊ नये.

वेल्डिंग सीओटूचंच, ०.८ची तार. गॅस वेल्डिंगने ०.७-०.८ मिमीचा छताचा पत्रा पापडासारखा वळतो, नंतर कितीही ठोका, लाटा जात नाहीत. सीओटूनेही सलग ओढायचं नाही. दोन-दोन इंचांवर टाके, एक डावीकडे एक उजवीकडे, हात लावता येईल इतकं थंड होऊ द्यायचं, मग मधल्या जागा. या वेळी पुढची दोन्ही दारं लटकवलेली आणि कुलूप लागलेली ठेवायची. दाराची फट दर काही टाक्यांनंतर तपासायची. फट वरच्या कोपऱ्यात बारीक व्हायला लागली की समजा गाडी मधून खचतेय. थांबा, जॅक लावा, मग पुढे.

छताचा खरा त्रास पन्हळीत आहे. छत मागे अरुंद होत जातं, त्यामुळे मधला पट्टा काढल्यावर पुढची कड रुंद, मागची अरुंद. दोन्ही बाजूंना फरक येतो, आणि पन्हळीची रेघ तुटलेली दिसली की कुणालाही लांबून कळतं. मागच्या भागाला कोपऱ्यांत काप देऊन बाहेर ओढून घ्यावं लागतं. इथे लोक पुट्टी थापतात. पुट्टी बोटभर जाड झाली की पहिल्या उन्हाळ्यात तडा. हे काम डेंटरच्या हाताचं आहे, पुट्टीच्या डब्याचं नाही.

काचेचं आधी ठरवा. मागच्या दाराची काच कापून बसवू, असं बरेच जण धरून चालतात. ती टफन्ड काच असते, कापायला गेलात की तिचा चुरा होतो. नवीन मापाची घडवून, मग टफन करून आणावी लागते, नाहीतर तिथे पत्राच बंद करायचा.

खालची नळकामंही नव्याने. ब्रेकचा पाइप नवा, योग्य मापाचा, टोकं दुहेरी फ्लेअर केलेली, म्हणजे दुमडून पसरवलेली. जादा पाइप वेटोळं करून बांधून ठेवायचा नाही आणि मधे कापून सांधायचा तर अजिबात नाही. हँडब्रेकची केबल मापाने करून घ्यायची, पेट्रोलची लाइन आणि सायलेन्सरचा मधला पाइप तसाच. वायरिंग मात्र कापू नका. जादा लांबी दुमडून, नळीत घालून बांधली की झालं. मागच्या ब्रेकचा दाब कमी करणारा ॲडजस्ट होणारा व्हॉल्व्ह बसवायचा आणि मोकळ्या ओल्या मैदानात, हळूहळू वेग वाढवत, पुढची चाकं आधी जाम होतात की मागची ते बाहेर उभ्या माणसाकडून बघून घ्यायचं. मागची आधी होत असतील तर गाडी तयार झालेली नाही. मागच्या बाजूचं वजन घटल्याने शेपटीही वर उचलली जाते. त्यावर स्प्रिंगचा वेटोळा कापून टाकण्याचा उपाय सर्रास होतो. तो करू नका. कापलेली स्प्रिंग आखूड होते तशी कडकही होते, आणि हलक्या गाडीला नेमकं उलट हवं असतं.

आतून झिंक प्रायमर, सांध्यांवर सीलंट, पेट्यांच्या आत मेणाचा फवारा. हे राहिलं तर बाहेरून चकाचक गाडी दोन पावसाळ्यांत सांध्यापासूनच सडते. कोकणात दोनही लागत नाहीत.

सगळं झाल्यावर एक साधी चाचणी : मागच्या एका कोपऱ्याला जॅक लावून चाक उचला आणि त्या बाजूचं पुढचं दार उघडून बंद करा. पूर्वीइतक्याच सहज लागलं, फट तेवढीच राहिली, तर सांगाडा ताठ आहे. दार घासायला लागलं तर रंगाच्या माणसाला अजून बोलावू नका.

खर्चाचा आकडा मी देत नाही, कारण गाडी न बघता दिलेला आकडा थाप असते. अंदाज बांधायला एवढं पुरे : कापणं-जोडणं हा बिलाचा लहान भाग, डेंटिंग-पेंटिंग, काच, आतली गादी आणि नळकामं मिळून मोठा. सगळं धरलं की दुसरी चांगली जुनी ८०० घेता येईल एवढ्यावर सहज जातं.

तुमच्यासाठी मग काय? मी तुमच्या जागी असतो तर या गाडीला हात लावला नसता. दाराखालचा गंज काढून नवा पत्रा घालणं हे रोजचं काम आहे, त्याला कायद्याची आडकाठी नाही. वडिलांची गाडी म्हणून ठेवायची असेल तर ती पूर्ण लांबीची ठेवण्यातच अर्थ आहे. मारुतीने ८००चं उत्पादन २०१४मध्ये बंद केलं, आणि ज्यांनी त्या जपल्या आहेत त्यांच्याकडे आज लोक थांबून बघतात. पंपाचा चौथरा एक फूट सरकवण्याचा ठराव सोसायटीत मांडून बघा. गाडी कापण्यापेक्षा तो अवघड निघेल, याची कल्पना आहे, पण खर्च कमी. आणि दहा फुटांत बसणारीच गाडी हवी असेल तर बाजारात एमजी कॉमेट आहे, २,९७४ मिमी, व्हीलबेस २,०१०, दोन दारं आणि चार सीट. चौऱ्याहत्तर मिमी मोकळे राहतात, म्हणजे लावताना रोज सावध राहावं लागेल, पण बसते. नॅनो ३,०९९ची, ती अर्ध्या वितीहूनही कमी फरकाने बाहेर राहते, पण नाही बसत.

तरीही हात शिवशिवत असतील आणि गावाकडे आवार असेल, तर वडिलांची गाडी नको. आरसी जमा करून बाद झालेली एखादी ८०० घ्या आणि तिच्यावर हौस करा. अशी गाडी चालू आरसी ठेवून कापायची नाही. गाडी रस्त्यासाठी कायमची निकामी केली तर मालकाने चौदा दिवसांत नोंदणी कार्यालयाला कळवून आरसी परत करायची, असं कलम ५५ सांगतं. आणि त्यानंतर ती आवाराबाहेर न्यायची तर टेम्पोत घालून. ‘फक्त पेट्रोल पंपापर्यंत’ हेसुद्धा रस्त्यावरच असतं.

राहिला इलेक्ट्रिक किटचा प्रश्न. रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला मान्यताप्राप्त किटच बसवता येतं, आणि ती मान्यता ठरावीक मॉडेलला, ठरावीक वजन-मापाला असते. कापलेली ८०० त्यातल्या कुठल्याच मॉडेलमध्ये मोडत नाही. आवारातल्या गाडीला बसवणार असाल तर बॅटरी मागच्या ॲक्सलच्या जवळ, फ्लोअरच्या पातळीला ठेवा, म्हणजे वर सांगितलेला ब्रेकचा त्रास बराच कमी होतो. फक्त मग व्हॉल्व्हची सेटिंग बॅटरी बसवल्यानंतर पुन्हा करावी लागेल, आणि मागची जुनी स्प्रिंग तेव्हा कदाचित बरोबर बसेल, म्हणून ती भंगारात टाकू नका.